‘छान आहे’ एवढ्यावर थांबू नका : छोट्या गेमला अभिप्राय कसा द्यावा?

आज एका कबुलीने सुरुवात करते.

माझ्या नववीच्या वर्गातल्या एका मुलाने गेल्या वर्षी एका ऑनलाइन गेम जॅममध्ये भाग घेतला होता. शनिवार-रविवार खपून त्याने एक छोटा गेम केला. अंधाऱ्या वाड्यात एक मांजर किल्ल्या शोधत फिरते, एवढीच गोष्ट. सोमवारी त्याने वर्गाच्या ग्रुपवर लिंक टाकली. मी गेम उघडला, मांजर चार पावलं चालवली आणि लिहून टाकलं, “खूप छान! अशीच प्रगती करत राहा.” माझ्या खाली मुलांचे अंगठे, टाळ्या, “एक नंबर”, “लय भारी”.

शुक्रवारी तो स्टाफरूमच्या दारात येऊन उभा राहिला. “मॅडम, तुम्ही गेम खेळलात ना?”

“हो, छान झालाय की.”

“मग दुसऱ्या खोलीचा दरवाजा उघडला का तुमच्याकडे?”

दरवाजा कुणाकडेच उघडत नव्हता. शेवटच्या तासात त्याने कोडमध्ये किल्लीचं नाव बदललं होतं आणि दरवाजा मात्र जुन्याच नावाच्या किल्लीची वाट पाहत होता. पहिल्या खोलीच्या पुढे जाणं शक्यच नव्हतं. चार दिवसांनी त्याच्या चुलत भावाने हे सांगितलं. तोवर आम्ही सगळे मिळून त्या गेमचं कौतुक करत होतो! तो चिडला नाही. एवढंच म्हणाला, “म्हणजे कुणी खेळलंच नाही.”

ते वाक्य मला आजही टोचतं. वहीवर न वाचताच ‘छान’ असा शेरा मारणाऱ्या शिक्षकात आणि माझ्यात त्या दिवशी काय फरक होता?

गेम जॅम म्हणजे काय?

ठरलेल्या थोड्या वेळात, बहुतेक वेळा दिलेल्या एका विषयावर, गेम बनवायचा उपक्रम म्हणजे गेम जॅम. ‘लुडम डेअर’ हा त्यातला जुना आणि नावाजलेला उपक्रम 2002 साली सुरू झाला. त्याच्या मूळ प्रकारात एकट्याने 48 तासांत सगळं करायचं असतं, अगदी चित्रं आणि आवाजसुद्धा. ‘ग्लोबल गेम जॅम’ 2009 पासून जगभरातल्या अनेक ठिकाणी एकाच सुमारास भरतो.

लुडम डेअरची एक पद्धत मला फार आवडते. तिथे बाहेरचे परीक्षक बसत नाहीत. गेम बनवणारेच नंतर काही आठवडे एकमेकांचे गेम खेळतात आणि मजा, नावीन्य, विषयाशी नातं, चित्रं, आवाज अशा वेगवेगळ्या बाजूंनी गुण देतात, अभिप्राय लिहितात. थोडक्यात, दुसऱ्याचा गेम नीट खेळणं हा जॅमचाच अर्धा भाग आहे.

आणि या छोट्या गेममधून मोठं काही उभं राहू शकतं. ‘बाबा इज यू’ हा गाजलेला कोड्यांचा गेम आधी 2017 च्या नॉर्डिक गेम जॅममध्ये तयार झाला. ‘सेलेस्ट’चं पहिलं रूप 2015 साली चार दिवसांत बनलं होतं, पूर्ण गेम आला 2018 मध्ये. प्रत्येक जॅममधून ‘सेलेस्ट’ निघत नाही, हे खरं. पण पुढे काय वाढवायचं आणि काय सोडून द्यायचं, हे ठरवायला बनवणाऱ्याला दुसऱ्याचे डोळे लागतातच.

बनवणाऱ्याला का दिसत नाही?

आपला तो बाब्या, ही एक गोष्ट झालीच. पण खरं कारण वेगळं आहे. ज्याने गेम बनवला त्याने तो शंभर वेळा खेळलेला असतो. कुठे उडी मारायची, कोणती भिंत खोटी आहे, हे त्याच्या बोटांना पाठ झालेलं असतं. म्हणून जॅममधले पुष्कळ गेम नको तितके अवघड होतात. बनवणारा स्वतःच त्या गेमचा जगातला सगळ्यात तरबेज खेळाडू असतो ना!

तुमच्याकडे मात्र त्याच्याजवळ नसलेली एक गोष्ट आहे. तुम्ही तो गेम पहिल्यांदा खेळत आहात. हे पहिल्यांदा खेळणं एकदाच होतं. ते ‘मस्त’ म्हणून वाया घालवू नका.

मग लिहायचं काय?

माझं मत अगदी सरळ आहे : निकाल देऊ नका, तुमचं काय झालं ते सांगा.

“गेम बोअर आहे” हा निकाल झाला. त्यातून बनवणाऱ्याला फक्त वाईट वाटतं. “गेम भारी आहे” हाही निकालच, त्यातून बरं वाटतं, इतकंच. पण हे पाहा : “दुसऱ्या लेव्हलला मी सहा वेळा पडले. काटे आणि जमीन दोन्ही करड्या रंगाचे आहेत, त्यामुळे काटे मला दिसलेच नाहीत. किल्ली उचलल्यावर जो आवाज येतो तो इतका गोड आहे की मी मुद्दाम सगळ्या किल्ल्या गोळा केल्या. लॅपटॉपवर क्रोममध्ये खेळले.” चारच वाक्यं आहेत. पण काय बदलायचं, काय जपायचं आणि गेम कुठे चालला, हे तिन्ही त्यात आलं.

डॉक्टरकडे गेल्यावर आपण कुठे दुखतं ते सांगतो, औषधाचं नाव सांगत नाही. इथेही तसंच करावं. समजा, तुम्हाला वाटलं की उडी नीट लागत नाही. “उडी उंच करा” असं सांगायला तुम्ही उतावीळ व्हाल. पण दुखणं दुसरंच असू शकतं. खेळाडू कड्याच्या टोकावरून पाऊल सुटल्यावर किंचित उशिरा बटण दाबतो आणि खाली पडतो. अशा वेळी अनुभवी मंडळी टोक सुटल्यावरही क्षणभर उडी मारायची मुभा देतात. कार्टूनमधला कोल्ह्यासारखा प्राणी कडा संपला तरी हवेत धावत राहतो, त्यावरून याला ‘कायोटी टाइम’ म्हणतात. ‘सेलेस्ट’मध्येही ही युक्ती आहे. म्हणून तुम्ही एवढंच लिहा : “कड्यावरून उडी मारताना मी बटण दाबलं होतं, तरी पडले.” इलाज तो शोधेल.

कौतुकही नेमकं करा. काय आवडलं हे कळलं नाही, तर पुढच्या वेळी तो नेमकं तेच काढून टाकेल. आणि सूचना दोन-तीनच द्या. वीस चुकांची यादी वाचून कुणी गेम सुधारत नाही, लॅपटॉप मिटवून ठेवतो.

वेळेचं भानही ठेवा. दोन दिवसांत बनलेल्या गेमला “अजून दहा लेव्हल हव्या होत्या”, “मल्टिप्लेअर का नाही?” असं म्हणणं म्हणजे टपरीवर जाऊन पंगतीचं जेवण मागणं. जे केलंय त्याबद्दल बोला. गेमच्या पानावर कोणती बटणं वापरायची ते दिलं आहे का, हे तक्रार करण्याआधी वाचा. एखादी गोष्ट चूक आहे की मुद्दाम तशी ठेवली आहे, हे कळत नसेल तर विचारा : “मांजर इतकी हळू चालते, ती भीती वाटावी म्हणून का?”

‘मुलं नाउमेद होतील’

हा आक्षेप मी शिक्षकांकडून नेहमी ऐकते. लहान मूल आहे, पहिलाच गेम आहे, कशाला चुका दाखवायच्या? मला ही काळजी समजते. “हे काय बनवलंय?” असं एका ओळीत लिहून स्वतःला स्पष्टवक्ते समजणारे लोकही मी पाहिले आहेत. त्यांच्यामुळे मुलं खरंच मागे हटतात. तोडून बोलणं आणि स्पष्ट बोलणं एक नव्हे.

पण खोटं कौतुक मुलांना कळत नाही, असं समजू नका. माझ्या विद्यार्थ्याला दरवाजा न उघडल्याचं दुःख थोडं होतं. दरवाजापर्यंत कुणी पोहोचलंच नाही, याचं जास्त होतं. “तुझ्या दुसऱ्या खोलीत मी अडकले” हे वाक्य चूक दाखवतं, आणि त्याच वेळी “मी तुझा गेम खरंच खेळले” हेही सांगतं. माझ्या मते मुलांना या दुसऱ्या गोष्टीची भूक जास्त असते.

ज्याचा गेम आहे त्याच्यासाठी

आता थोडं दुसऱ्या बाजूला. मित्र तुमच्यासमोर बसून गेम खेळत असेल तर हाताची घडी घालून गप्प बसा. “अरे, तिकडे नाही, डावीकडे!” असं सांगू नका. घरी बसून खेळणाऱ्याच्या शेजारी तुम्ही नसणार. तो कुठे थांबतो, कुठे कपाळाला आठ्या घालतो, ते वहीत टिपून ठेवा.

अभिप्राय आल्यावर वाद घालू नका, आभार माना. एकजण अडकला तर नोंद करा. तीनजण एकाच जागी अडकले तर चूक खेळणाऱ्यांची नाही, ती जागा दुरुस्त करा. आणि सगळ्यांचं सगळं ऐकायलाच हवं असंही नाही. गेम शेवटी तुमचा आहे.

त्या शुक्रवारी शाळा सुटल्यावर मी त्या मुलाला संगणक कक्षात बसवून घेतलं. दरवाजा त्याने दुरुस्त केला होता. या वेळी मी अर्धा तास खेळले आणि तिसऱ्या खोलीत चांगलीच अडकले. तो शेजारी ओठ घट्ट मिटून, हाताची घडी घालून बसला होता. मी कागदावर लिहून दिलं : “जिन्याखाली फार अंधार आहे, किल्ली दिसली नाही. मांजरीचे चमकणारे डोळे आवडले.” त्याने कागद दोनदा वाचला आणि म्हणाला, “मॅडम, डोळ्यांचाच उजेड जिन्याखाली पाडला तर?”

मला हे सुचलं नसतं. पुढच्या वेळी मित्राचा गेम उघडाल तेव्हा दहा मिनिटं तरी खेळा, आणि कुठे अडकलात ते त्याला सांगा.