शिंपल्यांचे भांडे वेगळे असावे

परसदारी पाळलेल्या खाकी कॅम्पबेल बदकांची अंडी पातळ कवचाची निघू लागली, की मालकाने तडक द्रवरूप कॅल्शियमची बाटली आणावी व ती पिण्याच्या पाण्यात ओतून निर्धास्त व्हावे, हा शिरस्ता मला अर्धवट ज्ञानाचा वाटतो. कवच सुमारे ९५ टक्के कॅल्शियम कार्बोनेटचे असते, त्याची घडण बहुतांशी रात्री, म्हणजे चरणे बंद असताना होते, आणि बदक तर पहाटेच अंडे घालून मोकळे होते. तेव्हा सायंकाळी टिपलेले, जोंधळ्याच्या दाण्याएवढे कालवांच्या शिंपल्यांचे तुकडे पेषणीत रेंगाळून रात्रभर हळूहळू विरघळतात, हा त्यांचा गुण बाटलीतील द्रवात कोठून येणार? पुरवठा अपुरा पडला, तर मादी स्वतःच्या हाडांतून कॅल्शियम काढून कवचाला देते, आणि हे फार दिवस चालले म्हणजे लंगडू लागते.

मात्र हा जिन्नस सर्वांच्या खाद्यात सरसकट मिसळू नये. नरांना व पिल्लांना एवढ्या कॅल्शियमची गरज नसते, अतिरेकाने मूत्रपिंडांस अपाय होतो; वेगळे भांडे ठेवल्यास अंड्यावरील मादी साधारणतः गरजेपुरतेच टिपते. (तिचा हिशेब पुष्कळदा मालकापेक्षा चोख असतो!) वैशाखात धापा टाकणाऱ्या बदकाची गोष्ट निराळी: धापांसरशी रक्तातील कार्बन डायऑक्साइड घटतो, कवचास लागणारे कार्बोनेट अपुरे पडते, आणि मग शिंपल्यांची रास घातली तरी व्यर्थ, तेथे सावलीची व गार पाण्याची तजवीज आधी करावी.