यंदा चपला राखायला ‘हे’!

मैत्रिणींनो, श्रीलंकेला जायचा बेत असेल तर दक्षिण किनाऱ्यावरच्या वेलिगामाला चार दिवस ठेवा. डिसेंबर ते मार्च हवा उत्तम. कोलंबो फोर्टहून आगगाडी समुद्राच्या कडेकडेने जाते; दुसऱ्या वर्गाचं तिकीट अगदी स्वस्त. हॉटेलाऐवजी घरगुती खोली घ्या, दुपारी खानावळीतला भात-कालवण. शाकाहारी असाल तर आधी सांगा, भाजीतही सुक्या मासळीचा चुरा असतो! वाचलेल्या पैशांत लाटेवर फळी चालवायची शिकवणी घ्या, स्वतःसाठी! इथल्या लाटा नवशिक्यांना झेपणाऱ्या. तरी शिकवणारा सोबत हवाच. पाणी आत ओढू लागलं तर झगडू नका, किनाऱ्याला समांतर सरका. आणि मुलांच्या चपला? त्या राखायला यंदा ‘ह्यां’ना बसवा!