बेरीज

13 जून 2023. रातपाळी सुटली, नरडाणा स्टेशनाबाहेर चहाला थांबलो. पेपरात पानभर जाहिरात : राष्ट्रात मोदी, महाराष्ट्रात शिंदे. 2022 च्या जूनमध्ये सेना फुटली, ठाकरे गेले, शिंदे मुख्यमंत्री झाले. आता म्हणे सर्व्हे झाला. मुख्यमंत्री म्हणून शिंदे पाहिजेत 26.1 टक्क्यांना, फडणवीस 23.2 टक्क्यांना. दोस्तांनो, मी बोटांवर बेरीज केली : 49.3. मग उरलेली 50.7 कुठं गाडली? निम्म्याहून जास्त लोक दोघांचंही नाव घेत नाहीत आणि हे त्याचीच वाजंत्री वाजवतात! दुसऱ्याच दिवशी सुधारलेली जाहिरात, दोघांचे फोटो शेजारी-शेजारी. रुसवा काढायला एक रात्र पुरली. आमच्या वस्तीत कोण आलं होतं विचारायला? आणि विचारणार काय, हा का तो? आमचा रोज किती, नळाला पाणी किती दिवसांनी, याची टक्केवारी छापा की पानभर. या एकदा पाळी सुटताना गेटवर. कागद मोठा आणा.