कॉन्व्हेंटसारखी शाळा म्हणजे नेमके काय?



प्रवेशाचे दिवस आले की पालक सभेत एक मागणी हमखास होते, "सर, आपली शाळा कॉन्व्हेंटसारखी करा." काहीजण तर सुचवतात की नर्सरीपासूनच वर्गात मराठी बोलणे बंद करावे आणि जो बोलेल त्याला दंड लावावा. ही मागणी मुलांच्या काळजीपोटीच होते. म्हणून तिला मोघम उत्तर देणे योग्य नाही.

कॅथलिक मिशनच्या शाळांनी नाव कमावले ते उगाच नाही, हे आधी मान्य करू या. अशा चांगल्या शाळेचा दिवस कसा असतो? घंटा वेळेवर होते. प्रार्थना झाल्याशिवाय दिवस सुरू होत नाही. नखे, केस, रुमाल रोज पाहिले जातात. वह्या तपासून वेळेवर परत मिळतात. गाण्याचा तास गणितासाठी कापला जात नाही. नाताळात गव्हाणीचा देखावा होतो, त्यात सर्व धर्मांची मुले मेंढपाळ आणि देवदूत होतात, आणि एरवी तोंड न उघडणारे मूलही रंगमंचावर दोन वाक्ये बोलून जाते. लहान वर्गांची खरी कमाई हीच.

आता विचार करा, यातली कोणती गोष्ट मराठी बंद केल्याशिवाय होत नाही? एकही नाही.

कॅथलिक म्हणजे इंग्रजी, हे समीकरण आपण आपल्याच मनाशी जुळवले आहे. फादर थॉमस स्टीफन्स हे जन्माने इंग्रज. ते १५७९ साली गोव्यात आले, इथली भाषा शिकले आणि त्यांनी मराठी ओवीत क्रिस्तपुराण लिहिले. ते १६१६ साली छापून निघाले. वसईकडच्या कॅथलिक समाजात आजही चर्चमधली प्रार्थना मराठीत होते. त्याच वसई तालुक्यातल्या नंदाखाल गावचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो मराठी शाळेत शिकले, धर्मगुरू झाले, त्यांनी बायबल सुबोध मराठीत आणले आणि २०२० साली उस्मानाबादच्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. २०२४ साली ते गेले. मराठीने त्यांना कुठे अडवले?

नर्सरीचेही तसेच. बालशिक्षणाला नवी दिशा देणाऱ्या डॉ. मारिया मॉन्टेसरी स्वतः कॅथलिक होत्या. १९०७ साली रोममध्ये गरीब वस्तीतल्या मुलांसाठी त्यांनी पहिले बालगृह उघडले, ते त्या मुलांच्याच भाषेत, इटालियनमध्ये चालले. ती पद्धत आपल्याकडे रुजवली गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी. ताराबाईंनी १९४५ साली बोर्डीला आदिवासी मुलांसाठी काम सुरू केले, तेव्हा महागडी साधने बाजूला ठेवून बिया, शिंपले, खडे वापरले. मूल येत नसेल तर बालवाडीच त्याच्या अंगणात नेली. आज अंगणवाडी हा शब्द देशभर चालतो, त्याचे मूळ तिथे आहे.

आपल्या पांढुर्णा-सौंसरच्या मुलाचे अंगण कोणते? संत्र्याचे बगीचे, पोळ्याचा लाकडी नंदीबैल, आजीची गोष्ट. तीन वर्षांचे मूल हे सगळे शब्द घेऊन शाळेत येते. पहिल्याच दिवशी आपण ते शब्द दाराबाहेर ठेवायला लावले, तर ते मूल इंग्रजी शिकत नाही, गप्प बसायला शिकते. मग घरी तक्रार होते की पोर शाळेत काही बोलतच नाही.

१९५६ च्या राज्य पुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि आपण मध्य प्रदेशात राहिलो. त्याच वर्षीच्या सातव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३५०-क आला. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाच्या पुरेशा सोयी देण्याचा प्रयत्न राज्याने करावा, असे तो सांगतो. २०२० चे राष्ट्रीय शिक्षण धोरणही शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेचा आग्रह धरते. २०२३ साली पांढुर्णा जिल्हा झाला, सौंसर त्यात आले. जिल्हा झाला म्हणून भाषा आपोआप टिकत नाही, ती वर्गात बोलावी लागते.

पालकांची बाजू मला समजते. पुढचे शिक्षण नागपूरला, नोकरी त्याहून लांब, तिथे इंग्रजीवाचून अडते. माझे स्वतःचे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. त्यामुळे घरची एक आणि शाळेची दुसरी भाषा असली तर किती कष्ट पडतात हे मी जाणतो. दुसरी भाषा येते, चांगली येते, पण पहिली पक्की असेल तर लवकर येते. म्हणून इंग्रजी जरूर शिकवू, गाण्यांतून, खेळांतून, रोज. दंडातून नव्हे.

विश्वस्त मंडळापुढे माझे तीन प्रस्ताव आहेत.

१. नर्सरी ते केजी-टू रोज एक तास मराठी गोष्टी, गाणी व गप्पांचा असावा. हा तास कोणत्याही कारणाने रद्द होऊ नये.

२. बालवर्गाच्या शिक्षिका नेमताना मराठी बोलता येणे ही अट असावी. मराठी बोलल्याबद्दल कोणत्याही मुलाला शिक्षा होऊ नये.

३. प्रत्येक मुलाची नोंदवही असावी. त्यात गुणांबरोबर मूल काय बोलले, काय विचारले, कोणाशी खेळले हेही लिहावे.

पालकांनो, टाय आणि बूट आठवडाभरात आणता येतील. वेळ पाळणे, स्वच्छता आणि प्रत्येक मुलाकडे लक्ष देणे, या गोष्टींना वर्षे लागतात. कॉन्व्हेंटकडून घ्यायचेच तर हे घेऊ या. आणि विद्यार्थी मित्रांनो, उद्यापासून घरी आजीकडून एक नवी गोष्ट ऐका. शनिवारच्या प्रार्थनासभेत ती मराठीतच सांगा. मी पहिल्या रांगेत बसून ऐकेन.

आपला,
प्राचार्य