भांडखोर मासे आणि उल्हास नदी



बदलापूरच्या एका भगिनीने विचारले आहे, “मुलाच्या हट्टापायी निळेपिवळे आफ्रिकन मासे घेतले. दिसतात देखणे, पण एकमेकांच्या शेपट्या कुरतडतात. दोन मेले. उरलेले उल्हास नदीत सोडून देऊ का?”

ताई, नदीत मुळीच सोडू नका! आधी त्यांचे घर नीट लावून पाहू या.

हे सिक्लिड मासे. यांतले पुष्कळसे मूळचे आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातले, खडकांच्या कपारीत राहणारे. नर आपली कपार राखतो, दुसऱ्याला तिथे फिरकू देत नाही. लहान टाकीत मार खाणाऱ्याने पळायचे तरी कुठे? म्हणून टाकी ४ फुटी, साधारण २०० लिटरची हवी. नुसत्या पाण्याचेच वजन २०० किलो होते बरं का, तेव्हा शोकेसवर नको, भक्कम लोखंडी स्टँड घ्या. दगड रचून भरपूर कपारी करा. दगड तळाशी पक्के टेकवा, कारण हे मासे वाळू उकरतात. गप्पी, गोल्डफिश यांच्यासोबत ठेवू नका.

मलावीचे पाणी जड, क्षारयुक्त असते. पीएच ८ च्या आसपास. शिंपल्यांचा चुरा स्वच्छ धुऊन, पुरचुंडी करून फिल्टरमध्ये ठेवावा. आठवड्याला पाव टाकी पाणी बदला. नळाचे पाणी उघड्या बादल्यांत दिवसभर ठेवले, की क्लोरीन उडून जातो. सगळी टाकी उपसून साबणाने घासायचा उत्साह मात्र नको!

कपारीतले हे मासे मुख्यतः शेवाळ खाणारे. त्यांना वनस्पतिजन्य गोळ्या आणि अधूनमधून उकडलेला पालक द्या, तोही दोन मिनिटांत संपेल इतकाच. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४० अंशांवर जातो. गरम पाण्यात प्राणवायू कमी मुरतो, म्हणून हवेचा पंप बंद ठेवू नका.

आणखी एक. एखादी मादी गाल फुगवून कोपऱ्यात बसली, खाईनाशी झाली, तर घाबरून औषध ओतू नका. ती अंडी तोंडात जपते आहे! सुमारे तीन आठवडे ती जवळजवळ उपाशी राहते. आईपण कुणाला चुकले आहे?

एवढे करूनही जमले नाही, तर मासे दुकानदाराला परत द्या, नाहीतर एखाद्या शौकिनाला द्या. बाजारात मिळणारी चिलापी आठवते ना? तीही याच कुळातली, आफ्रिकेची. १९५२ साली ती भारतात आणली गेली, आणि पुढे कितीतरी तलाव-धरणांत पसरून तिने तिथल्या मूळच्या माशांची जागा बळकावली. पाण्यात सोडलेला मासा परत बोलावता येत नाही. दयेपोटी केलेली चूकही शेवटी चूकच, नाही का?

तर ताई, या रविवारी मुलाला हाताशी घ्या आणि दोघे मिळून दगड रचा. हट्ट त्याचा होता, तर बादल्याही त्यालाच उचलू द्या! मासे कसे आहेत, ते जरूर कळवा.