धुमसत्या डोंगराचा जमाखर्च

२०२५ च्या नोव्हेंबरातली गोष्ट. आमच्या शेजाऱ्यांचा मुलगा सुटी संपवून आखाताकडे परत निघाला होता. बॅगा भरून झाल्या, आईने लाडवांचा डबा कसाबसा कोंबून बसवला, आणि निरोप आला की विमान रद्द! कारण काय, तर म्हणे इथिओपियात ज्वालामुखी फुटला. वहिनींना ही निव्वळ सबब वाटली. पण बातमी खरी होती. २३ नोव्हेंबरला अफार भागातला हायली गुब्बी नावाचा डोंगर फुटला होता. तो पूर्वी कधी फुटल्याची माणसाच्या दप्तरी नोंदच नव्हती. त्याची राख तांबडा समुद्र आणि अरबस्तान ओलांडून दुसऱ्याच दिवशी आपल्या देशावर आली आणि रात्री दिल्लीच्या आकाशातून पुढे सरकली.

आपल्याकडे दोन दिवस विमानांचीच चर्चा झाली. माझे लक्ष मात्र बातमीच्या शेपटाकडे गेले. त्या डोंगराच्या आसपासचे लोक गुराढोरांवर जगणारे. माणूस दगावल्याचे वृत्त नव्हते. पण गावांवर राख पसरली होती आणि जनावरांना चरायला काही उरले नव्हते. जन्मभर कर्जाचे अर्ज तपासण्यात घालवल्यामुळे असेल, पण माझ्या मनात आले, की या लोकांचे संकट टळलेले नाही, ते आता कुठे सुरू झाले आहे.

‘‘पण भावोजी, असल्या डोंगरापाशी लोक राहतातच कशाला?’’ वहिनींनी विचारले. हा प्रश्न तुमच्याही मनात आला असेल. त्याचे उत्तर शोधायचे तर जावा बेटाइतकी चांगली जागा नाही.

इंडोनेशियातले हे बेट क्षेत्रफळाने महाराष्ट्राच्या निम्म्याहूनही लहान. पण तिथे १५ कोटींहून अधिक माणसे राहतात. एवढ्या माणसांना पोसते ती तिथली माती, आणि त्या मातीला पोसते ज्वालामुखींची राख. राखेतली खनिजे झिजून मातीत मिसळतात आणि जमीन पिकते. जोगजकार्ता शहराच्या उत्तरेला मेरापी नावाचा डोंगर आहे. त्याच्या उतारावर भाजीपाला होतो, सलक नावाचे खवल्यांच्या सालीचे फळ होते आणि घरोघर दुभती गाय असते. डोंगरातून वाहून येणारी वाळू आणि दगड विकूनही हजारोंची पोटे भरतात. म्हणजे डोंगर रोज देतो आणि कधीतरी एकदम वसूल करतो. १९३० साली त्याने तेराशेहून अधिक बळी घेतले. तरीही माणसे परत तिथेच गेली. याला आपण अडाणीपणा म्हणून मोकळे होतो. मला तो जमाखर्च वाटतो.

अर्थात त्यात श्रद्धाही आहे. जोगजकार्ताच्या सुलतानाकडून दरवर्षी मेरापीला वस्त्रे आणि नैवेद्य जातो आणि डोंगराचा एक राखणदार नेमलेला असतो. म्बाह मारिजान हे असे राखणदार. म्बाह म्हणजे आजोबा. २००६ मध्ये सरकारने गाव सोडायला सांगितले तेव्हा ते हलले नाहीत, आणि त्या वेळी वाचले. साहजिकच त्यांचा शब्द वाढला. २५ ऑक्टोबर २०१० रोजी शास्त्रज्ञांनी धोक्याची पातळी सर्वांत वरच्या पायरीवर नेली. म्हातारबाबा पुन्हा घरीच राहिले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तापलेल्या वायूचा आणि राखेचा लोट उतारावरून आला. या लोटाला तिथले लोक ‘झिपरी मेंढी’ म्हणतात, कारण दुरून तो तसाच दिसतो. म्बाह मारिजान त्यात गेले, आणि त्यांच्या वाडीतली इतर माणसेही गेली.

जगभरच्या वर्तमानपत्रांनी ही श्रद्धा आणि विज्ञान यांच्या झगड्याची कथा म्हणून छापली. कथालेखक म्हणून मला तिचा मोह कळतो. पण पुढच्या दिवसांत जे घडले ते या कथेत बसत नाही. ज्या हजारो लोकांनी सरकारचे ऐकले आणि जे छावण्यांत गेले, त्यांतले कित्येक दिवसा चोरून पुन्हा डोंगर चढू लागले. नवस फेडायला नव्हे, गाईला गवत घालायला आणि धार काढायला! अखेर जिवंत जनावरे विकत घेण्याचे आणि मेलेल्यांची भरपाई देण्याचे सरकारला जाहीर करावे लागले. ५ नोव्हेंबरला सर्वांत मोठा स्फोट झाला. तोवर धोक्याची हद्द वाढवत वाढवत २० किलोमीटरपर्यंत न्यावी लागली होती. सुमारे चार लाख लोक घराबाहेर पडले. साडेतीनशेहून अधिक माणसे मेली. परंतु वेळेवर हलवल्यामुळे दहा ते वीस हजार जीव वाचले, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे.

हे वाचताना मला माझ्या नोकरीतला एक पावसाळा आठवतो. नदीकाठच्या एका गावात मी शाखाधिकारी होतो. पाणी चढू लागले, होड्या आल्या. एक आजोबा काही केल्या उठेनात. ‘‘सायेब, मला होडीत घ्याल, पर म्हशीला कुठं घ्याल? तिचं कर्ज तुमच्याच ब्यांकेचं हाय.’’ माझ्यापाशी उत्तर नव्हते. कर्ज देताना म्हशीचा विमा, तिच्या कानातला बिल्ला, सगळे मी तपासले होते. पूर आला तर ती कुठे उभी राहील, हे विचारणारा रकाना आमच्या अर्जात नव्हता. शेवटी गावातल्या दोन पोरांनी म्हैस शाळेच्या टेकाडावर नेऊन बांधली, तेव्हा आजोबा निमूटपणे तिच्या मागोमाग गेले.

मग दोष नेहमी न हलणाऱ्यांचाच असतो का? कोलंबियातल्या आर्मेरो गावाची हकिगत याच्या उलट आहे. नेवादो देल रुईस या बर्फाच्छादित ज्वालामुखीचा धोका दाखवणारा नकाशा १९८५ च्या ऑक्टोबरात तयार होता. १३ नोव्हेंबरच्या रात्री डोंगर फुटला, बर्फ वितळले आणि चिखलाचा लोंढा नदीतून निघाला. आर्मेरोला पोचायला त्याला सुमारे अडीच तास लागले. पळायला तेवढे पुरेसे होते. पण गाव रिकामे झाले नाही आणि या उद्रेकात सुमारे २३ हजार माणसे गेली. गाव हलवायचे म्हणजे खर्च; आणि डोंगर फुटलाच नाही तर तो खर्च कोणाच्या नावे टाकायचा, या विचाराने अधिकाऱ्यांचे हात आखडतात. म्हणजे जमाखर्च तेही मांडतातच. फक्त त्यांच्या वहीत माणसे उशिरा येतात.

श्रीमंत देशांतही प्रश्न हाच आहे, आकडे तेवढे मोठे. इटलीत व्हेसुव्हियसच्या धोक्याच्या पट्ट्यात सुमारे सात लाख लोक राहतात. तिथल्या प्रांतिक सरकारने २००४ च्या सुमारास स्थलांतरासाठी कुटुंबामागे ३० हजार युरोपर्यंत मदत देऊ केली. फारसे कोणी गेले नाही. तेवढ्यात नेपल्सजवळ दुसरे घर कुठून येणार? याउलट आइसलँडमधले ग्रिंदाविक पाहा. सुमारे ३८०० वस्तीचे हे मासेमारीचे गाव १० नोव्हेंबर २०२३ च्या रात्री रिकामे केले गेले. पुढच्या जानेवारीत लाव्हा गावात शिरला आणि तीन घरे जळाली. जी उभी राहिली त्यांचे काय? राहता येत नाही, विकता येत नाही आणि कर्ज तर डोक्यावर! तेव्हा तिथल्या संसदेने कायदा करून सरकारी कंपनीमार्फत ही घरे आगविम्याच्या किमतीच्या ९५ टक्के दराने घेण्याची सोय केली. गाव सोडण्याचे दुःख याने भरून येत नाही. पण माणूस निदान कर्जमुक्त होऊन रडू शकतो.

मेरापीच्या गावांनीही २०१० नंतर आपली रीत बसवली. मागेलांग जिल्ह्यात वरच्या गावाशी खालच्या एखाद्या गावाचे नाते जोडले. त्यांना ‘भावंड गावे’ म्हणतात. वरच्यांनी संकटात कुठे जायचे, कोणाकडे उतरायचे, हे आधीच ठरलेले. नोव्हेंबर २०२० मध्ये डोंगर पुन्हा कुरकुरू लागला तेव्हा म्हातारी माणसे, लेकुरवाळ्या, गरोदर बाया आधी खाली आणल्या गेल्या. डोंगराच्या दुसऱ्या अंगाला गाईंसाठी सामायिक गोठे उभारून त्यांनाही तिथे आणले. गाय खाली आली, की धन्याला वर जायचे कारण उरत नाही. ही अक्कल दहा वर्षांपूर्वीच्या मरणांतून आलेली आहे.

आपल्याला या लोकांकडे वरून पाहण्याचे कारण नाही. आपली काळी जमीन ज्या दगडाची झाली, तो सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा लाव्हाच. ज्वारी आणि कापूस पिकवून आपणही त्या आगीचे व्याज खातो आहोत. फरक इतकाच, की आपला डोंगर निवला आहे आणि त्यांचा अजून धुमसतो आहे.

शेजाऱ्यांचा मुलगा दोन दिवसांनी दुसऱ्या विमानाने सुखरूप गेला. लाडूही पोचले. वहिनींनी फोनवरून कळवले तेव्हा मी सहज म्हणालो, की त्या अफारमधल्या शेळ्या-मेंढ्यांचे काय झाले असेल? वहिनी क्षणभर गप्प झाल्या. मी पुढचे कित्येक दिवस पेपर चाळत होतो. विमाने सुरू झाल्याची बातमी ठळक होती. चाऱ्याची बातमी मला कुठे दिसली नाही.