किरण, भिंत आणि चौकटींची वही

फुलसावंगीच्या रस्त्यावर उभं राहून पाहिलं, की जवळचा विजेचा खांब उंच दिसतो आणि कपाशीच्या शेतांपलीकडचा बोटभर. १९९२ साली आलेल्या ‘वुल्फेन्स्टाइन थ्रीडी’ने एवढ्याच गोष्टीवर अख्खा संगणकीय खेळ उभा केला.

तेव्हाच्या घरगुती संगणकात त्रिमितीसाठी वेगळी चिप नसे. खेळाचा प्रोग्रामर जॉन कारमॅकने मग नकाशा चौकटींच्या वहीसारखा सपाटच ठेवला. खेळाडूच्या डोळ्यातून पडद्याच्या प्रत्येक उभ्या ओळीसाठी एक किरण सोडायचा, तो किती अंतरावर भिंतीला लागतो ते मोजायचं. अंतर दुप्पट, तर भिंतीची पट्टी निम्मी. बस्स! भिंती एकाच उंचीच्या, कोपरे काटकोनी, शत्रू म्हणजे सपाट चित्रं. त्याच्याच पुढच्या खेळांपैकी १९९३च्या ‘डूम’मध्ये जिने आले, उंचसखल जमीन आली, खोलीवर खोली मात्र १९९६च्या ‘क्वेक’मध्ये.

मला तो पहिला टप्पाच सर्वांत मोलाचा वाटतो. यंत्र तोकडं होतं, म्हणून भूमिती कामाला आली. दहावीच्या वर्गात समरूप त्रिकोण शिकवताना हा खेळ मुलांना जरूर दाखवावा.

या अंकात त्या किरणाचं गणित वहीच्या पानावर मांडलं आहे. वाचायला बसताना पट्टी आणि पेन्सिल जवळ ठेवा.